मॉनिटरिंगमध्ये डिव्हाइस जोडताना
सगळं नेटवर्क एकदम स्कॅन करून आत ओढू नका. आधी कोअर (मुख्य) राउटर जोडा, मग त्यामागचे स्विच, आणि प्रत्येकाला पॅरेंट (ते ज्याच्या मागे जोडलंय ते डिव्हाइस) नेमून द्या. नाहीतर एक राउटर पडला की मागच्या सगळ्यांचे अलर्ट येतात आणि मूळ दोष त्यात हरवतो.

पिंग मिळतो, पण एसएनएमपी (डिव्हाइसकडून माहिती मागवायचा प्रोटोकॉल) टाइमआउट होतं? यूडीपी १६१ पोर्ट आणि डिव्हाइसवरची एसीएल (कोणाला परवानगी आहे त्याची यादी) बघा. बहुधा तिथे मॉनिटरिंग सर्व्हरचा आयपी टाकायचा राहिलेला असतो.

गिगाबिट पोर्टला ६४-बिट काउंटरच (पोर्टमधून किती डेटा गेला ते मोजणारा आकडा) लावा. ३२-बिटचा काउंटर पूर्ण वेगात साधारण ३४ सेकंदांत भरून शून्यावर येतो, मग दर ५ मिनिटांनी आकडे घेणाऱ्या पोलिंगचा आलेख चुकणारच. एसएनएमपीच्या व्ही१ आवृत्तीमध्ये ६४-बिट मिळत नाही. शक्यतो व्ही३ ठेवा.

दुरुस्तीला काढलेलं डिव्हाइस डिलीट न करता मेंटेनन्समध्ये टाका.