सिक्लिड माशांसाठी पाण्याचा हार्डनेस किती असावा?

तुम्ही लिहिलंय की पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या एकूण क्षारांचं प्रमाण) ३५० येतो आणि टँकमध्ये सिक्लिड ठेवायचे आहेत, तर हार्डनेस किती ठेवू? आधी कोणते सिक्लिड, ते ठरवा. हे कुळ प्रचंड मोठं आहे. डिस्कस ॲमेझॉनच्या मऊ (कमी हार्डनेसच्या), आम्लधर्मी पाण्यातला, तर ट्रोफियस आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला, जिथे पीएच ९च्या आसपास असतो. दोघांना एकच आकडा चालणार नाही.

दुसरं म्हणजे टीडीएसवरून हार्डनेस कळत नाही. मीटर पाण्यातले सगळेच क्षार एकत्र धरतो, त्यात सोडियमही आला. हार्डनेसचे आकडे दोन: जीएच (जनरल हार्डनेस) फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा, आणि केएच (कार्बोनेट हार्डनेस) मुख्यतः बायकार्बोनेटचा, जो पीएच घसरू देत नाही. थेंब टाकून मोजायचं किट घ्या आणि दोन्ही मोजा. दोन्ही डिग्रीत मोजतात, १ डिग्री म्हणजे सुमारे १८ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम).

आता आफ्रिकन सिक्लिड. मलावी सरोवरातल्या म्बुना किंवा पीकॉक जातीच्या माशांसाठी जीएच ८ ते १५, केएच ८ ते १२ आणि पीएच ७.८ ते ८.५ ठेवा. टांगानिकाच्या माशांना केएच आणखी थोडा जास्त लागतो, १२ ते १८ चांगला. या माशांना पाणी जितकं जड (जास्त हार्डनेसचं) तितकं बरं, असं सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. खुद्द मलावी सरोवराचा जीएच ४-५ डिग्रीच आहे आणि केएच त्याहून जास्त. टांगानिकातही केएचच वरचढ. म्हणून जीएच आठ आहे की बारा यावर डोकं शिणवू नका, केएचवर लक्ष ठेवा.

कारण केएच टँकमध्ये सतत खर्च होत असतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते बायकार्बोनेट खाऊन टाकतं. पाणी बदलण्यात हयगय झाली की केएच हळूहळू उतरतो. पीएच तोवर जागेवर दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. केएच संपत आला की मग पीएच अचानक कोसळतो आणि मासे कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागतात. केएच वाढवायला खाण्याचा सोडा पुरतो. १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की साधारण १ डिग्री वाढते. जीएच कमी असेल तर एप्सम सॉल्ट वापरा किंवा फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवा. साध्या मिठाने यातलं काहीच वाढत नाही. एक मात्र जपा. पीएच जास्त असताना अमोनिया कितीतरी अधिक विषारी ठरतो, तेव्हा टँक पूर्ण सायकल झाल्याशिवाय, म्हणजे फिल्टरमध्ये ते जिवाणू पुरेसे वाढल्याशिवाय, आफ्रिकन मासे सोडू नका.

दक्षिण अमेरिकेतल्या माशांचं गणित उलटं. डिस्कस आणि रॅम यांना जीएच ५च्या आत हवा, विशेषतः पिल्लं काढायची असतील तर, कारण जड पाण्यात त्यांची अंडी नीट फळत नाहीत. एंजल मात्र टँकमध्येच पैदास झालेले असतात, ते १०-१२ डिग्रीतही मजेत राहतात. ऑस्कर त्याहून सोशिक. मध्य अमेरिकेतल्या कॉन्व्हिक्ट, फायरमाउथ यांना ८ ते १५ छान. पश्चिम आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिसला मध्यम पाणी चालतं. त्याची एक गंमत म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नर जास्त निघतात.

पाणी मऊ करायचं तर नळाच्या पाण्यात आरओचं पाणी मिसळा, निम्मं-निम्मं घेतलं की हार्डनेस जवळपास निम्मा होतो. नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात केएच जवळजवळ नसतोच. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणीही नको, तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो.

माझं मत विचाराल तर मासे पाण्याप्रमाणे निवडा, पाणी माशांसाठी ओढूनताणून बदलत बसू नका. जो आकडा असेल तो स्थिर राहू द्या. बदल करायचाच झाला तर काही दिवसांत विभागून करा, कारण शरीरातल्या क्षारांचा तोल नव्या पाण्याशी जुळवायला माशाला वेळ लागतो. आणि बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी आरओच्या पाण्यानेच भरा. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार टँकमध्येच उरतात. दर वेळी नळाचं पाणी ओतत गेलात तर हार्डनेस नकळत चढत राहतो.