ऑडिशनच्या रांगेतले प्रश्न

एका नाटकाचे प्रयोग चालू, दुसऱ्याच्या तालमी चालू आणि तिसऱ्यासाठी ऑडिशन. रंगमंचावरच्या नटनट्यांची या वेळी आलेली बहुतेक पत्रे याच ओढाताणीतून लिहिलेली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दिवसा तालीम, संध्याकाळी प्रयोग आणि आठवड्याला दोन-तीन ऑडिशन. मागच्या महिन्यात एकाच दिवशी दोन ठेवल्या आणि दोन्ही बिघडल्या. आखणी कशी करायची?

एका दिवशी दोन ठेवायला हरकत नाही, गडबड होते ती मधल्या वेळेच्या हिशेबात. अकराची वेळ दिली म्हणजे अकराला आत बोलावतील असे धरू नका. आधीच्या प्रत्येकामागे चार-चार मिनिटे जास्त गेली, तरी अकराव्या माणसापर्यंत गाडी ४० मिनिटे मागे पडलेली असते. म्हणून डायरीत प्रत्येक ऑडिशनपुढे चार वेळा लिहा : घरातून निघण्याची, दारात पोचण्याची (दिलेल्या वेळेआधी १५ ते २० मिनिटे), आत जाण्याची उशिरात उशिरा, आणि काही झाले तरी तिथून निघण्याची. ही चौथी वेळ बहुतेक जण ठरवतच नाहीत. मग ‘आता नंबर लागेलच’ म्हणत बसून राहतात आणि संध्याकाळच्या प्रयोगाला धापा टाकत पोचतात.

चौथी वेळ जवळ येतेय असे दिसले, की नावे लिहून घेणाऱ्याला २० मिनिटे आधी सांगा : ‘संध्याकाळी प्रयोग आहे, मला साडेतीनला निघावं लागेल.’ नाटकवाल्यांना प्रयोगाची अडचण समजावून सांगावी लागत नाही. बऱ्याचदा नंबर वर घेतात. न सांगता निघून गेलेल्याचे नाव मात्र लक्षात राहते, आणि चांगल्या कारणासाठी नाही.

दोन ऑडिशनच्या मध्ये प्रवास वगळून किमान दोन तास ठेवा. ओरडणे, रडणे किंवा गाणे असलेली नंतर ठेवा, कारण तिच्यानंतर आवाज आणि जीव दोन्ही ताळ्यावर यायला वेळ लागतो. तासभर आधी जाऊन बसणेही टाळा. बंद दारामागून तोच प्रवेश पाच वेळा ऐकू येतो आणि नकळत तुम्ही त्या चालीवर तरी जाता, नाहीतर मुद्दाम तिच्या उलट तरी.

फॉर्मवरचा तारखांचा रकाना खरा भरा. पक्क्या अडलेल्या तारखा वेगळ्या, ‘कदाचित अडतील’ अशा वेगळ्या. ३६ तालमींपैकी पाचांना तुम्ही नाही हे आधी कळले, तर दिग्दर्शक त्या दिवशी दुसरे प्रवेश लावतो. तेच तिसऱ्या आठवड्यात कळले, तर बसवलेले मोडावे लागते. काम हातचे जाईल या भीतीने तारीख लपवणारा नट पुढचे कामही घालवतो.

प्रश्न : ‘दोन मिनिटांचा उतारा तयार ठेवा’ असे सांगतात. कुठला घ्यावा? माझा रडण्याचा उतारा चांगला होतो, पण निवड होत नाही.

आधी वेळ. दोन मिनिटे दिली असतील, तर उतारा १ मिनिट ४० सेकंदांत संपायला हवा. मोजताना उभे राहून, हालचालींसकट मोजा. बसून वाचत मोजलेली वेळ नेहमी कमी भरते. दीड मिनिटाला साधारण १६० ते १८० शब्द पुरतात. स्वगत लांब असेल तर शेपूट कापू नका. मधली वर्णने काढा, सुरुवात आणि वळण ठेवा. वळण म्हणजे ज्या वाक्याला पात्राच्या मनात काहीतरी बदलते ते. ते नसेल, तर ४० सेकंदांत समोरच्यांना तुमचे सगळे पाहून झालेले असते आणि उरलेला मिनिटभर ते कागद चाळतात.

आता रडणे. पात्र नुसते जुने आठवत बसले आहे असा उतारा टाळा. ज्यात ते समोरच्या माणसाकडून आत्ता, या क्षणी काहीतरी मिळवू पाहते आहे, तो घ्या. इब्सेनच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाचा शेवट पाहा. नोरा नवऱ्याला, टोरवाल्डला, बसायला सांगते आणि लग्नाचा सगळा हिशेब मांडते. ऑडिशनमध्ये हा तुकडा पहिल्या वाक्यापासून टिपेला गेलेला फार पाहायला मिळतो. पण त्याआधी काय झाले आहे? ती मेजवानीतला नाचाचा पोशाख उतरवून, साधे रोजचे कपडे घालून बाहेर आली आहे. म्हणजे आतल्या खोलीतच काहीतरी ठरले आहे. मग आवाज चढवायचा कशासाठी? तिला त्याला खुर्चीत बसवून ठेवायचे आहे, त्याने मध्ये न बोलता ऐकायला हवे आहे. समोर रिकामी खुर्ची ठेवा आणि तो उठू पाहतो आहे असे धरून तालीम करा. कुठल्या वाक्याला तो अर्धवट उठतो, कुठल्या वाक्याला पुन्हा टेकतो, हे नक्की करा. डोळ्यांत पाणी आले काय, न आले काय, पाहणाऱ्याचे लक्ष त्या खुर्चीवरून हलत नाही. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की ज्याला ‘दिलेली परिस्थिती’ म्हणत ती हीच, आणि तिचा उपयोग असा अगदी हातापायांचा असतो.

हा कल्पित माणूस परीक्षकांच्या जागी बसवू नका. त्यांना लिहायचे असते, आपसांत बोलायचे असते. तुम्ही डोळ्यांत डोळे घालून बोललात की त्यांना तुमच्यासाठी अभिनय करत बसावे लागते. त्यांच्या डोक्याच्या जरा बाजूला, पात्र उभे असेल त्या उंचीवर एक जागा धरा. खोलीत शिरल्यावर ती आधी हेरा, मग नाव सांगा, मग सुरू करा. संवाद संपल्यावर लगेच ‘थँक यू’ म्हणू नका. दोन सेकंद पात्रातच थांबा, मग खाली या.

असे चार उतारे कायम तयार असावेत : एक हलका, एक गंभीर, एक छंदातला किंवा जुन्या वळणाच्या भाषेतला आणि एक तुमच्या खऱ्या वयाच्या पात्राचा. शेवटचा सगळ्यांत उपयोगी पडतो आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. पंचविशीतल्या मुलांना म्हातारे करायची फार हौस.

प्रश्न : घरी घडाघडा येते, तिथे मधेच ब्लँक होते.

कारण घरी तुम्ही एकाच खोलीत, एकाच चालीत म्हणता. चाल मोडली की शब्द सुटतात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला, तेव्हापासून एवढे नक्की माहीत आहे की सलग दोन तास घोकण्यापेक्षा तोच वेळ तुकड्यांत वाटला तर जास्त टिकतो. २० मिनिटे सकाळी, २० रात्री, असे चार दिवस करा आणि मध्ये झोप पुरेशी घ्या. तिसऱ्या दिवसापासून पाठांतराला त्रास द्या : कपड्यांच्या घड्या घालत म्हणा, भिंतीवर चेंडू मारत म्हणा, भावना सगळ्या काढून दुप्पट वेगाने म्हणा. जिथे अडखळता तिथे शब्द विसरलेले नसतात. एका वाक्यावरून दुसऱ्यावर पात्र का गेले, हा सांधा तुम्ही बांधलेलाच नसतो. तो शोधा.

तरीही तिथे अडलात तर ‘सॉरी’ म्हणू नका. चेहरा कसनुसा करू नका. श्वास सोडा, समोरच्या पात्राकडे पाहा, त्याच्याकडून काय हवे होते ते आठवा. तीन सेकंदांची शांतता तुम्हाला युगासारखी वाटते, पाहणाऱ्याला विराम वाटतो. पहिल्या दोन-तीन ओळींतच अडलात, तर ‘पुन्हा सुरू करतो’ म्हणून सरळ सुरू करा. हे एकदाच.

हात थरथरतात अशी तक्रार तिघांनी केली आहे. हातातल्या कागदामागे जाड पुठ्ठा लावा. पातळ कागद बोटांची थरथर दहापट करून दाखवतो, पुठ्ठा ती गिळतो. आत जाण्याआधी दोन-तीन मिनिटे, चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा.

प्रश्न : प्रयोगानंतर सकाळी आवाज जड असतो आणि त्याच दिवशी ऑडिशन. काय घ्यावे?

घेण्यासारखे फार काही नाही, करण्यासारखे आहे. दाराशी ढसाढसा प्यायलेले पाणी फक्त तोंड ओले करते. गिळताना श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते, त्यामुळे ते स्वरतंतूंना लागत नाही. शरीरात जिरूनच तिथे पोचते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून सकाळपासून थोडे थोडे प्या. वाफ मात्र थेट पोचते, ५ ते १० मिनिटे पुरे.

मग नळीचा व्यायाम. ५-६ मिलिमीटर व्यासाची नळी पेल्यातल्या पाण्यात २-३ सेंटिमीटर बुडवा आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. आधी एका पट्टीत, मग खालून वर आणि वरून खाली सरकत, एकूण ३ ते ५ मिनिटे. पाण्याचा उलटा दाब स्वरतंतूंना एकमेकांवर जोरात आपटू देत नाही, म्हणून जड आवाजही यात मोकळा होतो. बुडबुडे तुटक येत असतील, तर श्वास एकसारखा सुटत नाही असे समजा. त्यानंतर गुणगुणणे, मग मोठ्याने वाचन. सगळे मिळून १५ मिनिटे.

सारखा घसा खाकरू नका, एक घोट गिळा. कुजबुजून आवाज वाचवण्याच्या भानगडीत पडू नका, अनेकांचा गळा त्याने जास्तच आवळतो. दुखणे दाबणारी गोळी घेऊन ओरडण्याचा प्रवेश करणे धोक्याचे, कारण ‘थांब’ सांगणारे दुखणेच बंद केलेले असते. ओरडताना आवाज एकदम गेला तर त्या दिवशीचे बोलणे तिथेच थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तरीही.

प्रश्न : ऐनवेळी हातात पाने देतात आणि पाच मिनिटांत वाचायला लावतात.

पाच मिनिटांत पाठ करायला जाऊ नका. पहिले वाचन सरळ, सगळ्यांच्या ओळींसकट. मग तीन गोष्टी ठरवा : मी कुणाशी बोलतोय, मला काय हवंय, आणि ते कुठल्या ओळीला मिळतं किंवा हुकतं. त्या ओळीशेजारी खूण करा. पहिली आणि शेवटची ओळ मात्र पाठच करा, म्हणजे सुरुवातीला आणि अखेरीस नजर वर असेल.

वाचताना पान छातीच्या उंचीवर, अंगठा ओळीवर. डोळ्यांनी तुकडा उचला, नजर वर करा, मग बोला. मान घालून बोललेल्या ओळी आवाजासकट जमिनीत जातात. समोरचा बोलत असताना स्वतःची पुढची ओळ शोधू नका, त्याच्याकडे पाहा. ऐकणारा नट तिथल्या तिथे उठून दिसतो, आणि अंगठा जागेवर असला की ओळ कुठे पळत नाही.

प्रश्न : माझे करून झाल्यावर ‘आता अगदी वेगळ्या पद्धतीने करा’ म्हणाले. म्हणजे आवडले नाही का?

न आवडलेल्याला सहसा दुसऱ्यांदा करायला लावत नाहीत. तुमच्यासोबत तालीम कशी होईल ते पाहायचे असते. इथे घोटाळा हा होतो, की नट मान डोलावतो आणि तेच थोडे हळू आवाजात करतो. सूचनेचे क्रियापद करून घ्या. ‘जरा कडक’ म्हणाले तर ‘त्याला खोलीबाहेर घालवतो’, ‘मऊ करा’ म्हणाले तर ‘त्याला थांबवून घेतो’. कळले नसेल तर एक प्रश्न विचारा. तीन विचारलेत तर ती चर्चा होते.

प्रश्न : सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन, मागतात. रंगमंचाची सवय, कॅमेऱ्यात सगळे मोठे दिसते.

फोन आडवा, डोळ्यांच्या पातळीवर, स्टँडवर. अंतर दीड ते दोन मीटर. चौकटीत छातीपासून वर. मागे साधी भिंत, उजेड समोरून. खिडकीकडे पाठ केलीत तर चेहरा काळा पडतो. समोरच्या ओळी वाचणाऱ्याला लेन्सच्या अगदी शेजारी उभे करा आणि हळू बोलायला सांगा, नाहीतर माइकजवळ असल्याने त्याचाच आवाज वरचढ होतो. तुमचा आवाज कमी करा, पात्राला जे हवे आहे त्याची ओढ मात्र कमी करू नका. चार टेकच्या पुढे जाऊ नका, पाचव्यात फक्त थकवा वाढतो.

प्रश्न : ऑडिशनआधी ‘नोंदणी शुल्क’ मागितले. द्यावे का?

नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. एकट्याला खासगी खोलीत बोलावणे, पहिल्याच भेटीत कपडे उतरवायला सांगणे किंवा जवळिकीचा प्रवेश मागणे, यालाही सरळ नकार द्या आणि निघा.

प्रश्न : कळवतो म्हणतात, कळवत नाहीत. आणि महिन्याने अचानक पुन्हा बोलावतात, तेव्हा आपण काय केले होते तेच आठवत नाही.

न कळवण्याची कारणे बऱ्याचदा तुमच्या हातातली नसतात : आधीच घेतलेल्या नायिकेची उंची, दोन भावांचे चेहरे जुळणे, कुणाचा तरी आवाज तुमच्याच जातीचा असणे. हातात आहे ती वही. बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात पाच ओळी लिहा : तारीख आणि भूमिका, समोर कोण होते, कुठला उतारा केला, काय सूचना मिळाली, अंगात काय होते. पाचवी ओळ पोरकट वाटेल. पण ६० चेहऱ्यांच्या यादीत तुम्ही ‘निळ्या शर्टातला’ म्हणून लिहिले गेलेले असता. पुन्हा बोलावले की तोच शर्ट घालून जा, केस तसेच ठेवा आणि उतारा बदलू नका, कारण त्यांना पुन्हा पाहायचा आहे तो तोच माणूस. वेगळे काही हवे असेल तर ते मागतील.