स्वतंत्र ॲनिमेटर प्रायोगिक ॲनिमेशनवर जगू शकतो का? आणि त्याला कला म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की नोकरी सोडून वाळूचं, काचेवरचं ॲनिमेशन करत बसलो तर पोट भरेल का, आणि घरचे म्हणतात तसे हे नुसते चाळे आहेत की कला. पोट भरणार नाही. चाळ्यांचं मात्र मला लागलं, म्हणून जरा सैल सुटते.

मी दिवसा शाळकरी मुलांसाठी पचनसंस्था आणि जलचक्र हलवते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात डोंबिवलीच्या आमच्या वन बीएचकेत मी आजीवर छोटी फिल्म करायला घेतली. जुन्या शोकेसची काच दोन स्टुलांवर, खाली ट्यूबलाइट, मधे बटर पेपर, वरून कॅमेरा. काचेवर रांगोळी. हौसेने पाच रंगांची आणली होती. खालून उजेड आला की लाल काय, हिरवी काय, सगळी काळीच दिसते हे ओतल्यावर कळलं. जाड पसरली तर काळी, विरळ केली तर करडी. तेवढ्या काळ्या-करड्यातच आजी बसवली, सुपात तांदूळ पाखडणारी.

उदबत्तीच्या काडीने हात जरासा सरकवायचा, फोटो, पुन्हा सरकवायचा. सेकंदाला 12 चित्रं. नवा हात करायचा तर जुना पुसावाच लागतो. पंखा बंद, खिडक्या बंद, शिंक आली की पळत स्वयंपाकघरात. अकरा रात्रींत 340 चित्रं झाली, म्हणजे अठ्ठावीस सेकंद.

अकराव्या रात्री धाकटा दीर कामावरून दोनला आला. तो व्हीएफएक्समध्ये आहे, मोठ्या सिनेमांतले स्फोट करतो. "वहिनी, केवढी घामाघूम झालीयेस," म्हणाला आणि पंखा लावला. पाचवर. आजी, सूप, तांदूळ, सगळं सोफ्याखाली. वर म्हणतो, "कशाला हे चाळे? पार्टिकल सिम्युलेशन टाक, दुपारपर्यंत होईल." म्हणजे दाणे कॉम्प्युटरकडूनच पाडून घे. पंखा मी केव्हाच माफ केलाय. ते वाक्य नाही.

शेवटचा फोटो बघून पुन्हा जुळवायला गेले, तर आजीची मान उडी मारायची. शेवटी पहिल्यापासून केलं. दुसऱ्या खेपेला पुढे काय येणार ते मला पाठ होतं, म्हणून हात सुपाकडे थेट निघतो. पहिल्या खेपेला तो चाचपडत जायचा, कारण मीच चाचपडत होते. आणि आजीला मोतीबिंदू होता. फिल्म पूर्ण झाली, दोन-चार ठिकाणी दाखवलीही, पण तो हात गेला तो गेलाच. सिम्युलेशनमध्ये दाणा नको तिथे पडला तर आकडा बदलून परत पाडता येतो. म्हणूनच तसला हात तिथून निघत नाही, असं माझं मत आहे, आणि दिराशी या विषयावर दर गणपतीत वाजतं.

गेल्या खेपेला त्याला प्रमोद पती या दिग्दर्शकाची 'आबिद' ही छोटी फिल्म दाखवली. 1972 ची. चित्रकार आबिद सुरती यांनाच एकेक फ्रेम करून हलवलंय, जिवंत माणसाचं ॲनिमेशन. आणि हे केलं कुणी? पेडर रोडवरच्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनने. फाळक्यांनी तर 1915 मध्येच काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. कॅरोलिन लीफ ही परदेशी ॲनिमेटर 1968 पासून वाळूत काम करत होती. दीर म्हणाला, "सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून." म्हटलं, आता आहे ना, मग लोक अजून काचेवर का वाकतात?

पैशांचं राहिलंच. 'स्वतंत्र' या शब्दाने हुरळू नका. फिल्मच्या पट्टीवर थेट चित्रं काढणारे, खरवडणारे नॉर्मन मॅक्लेरन कॅनडा सरकारच्या फिल्म बोर्डात नोकरीला होते. आपल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' एकटीने रंगवली. 2006 मध्ये ती फिल्म फ्रान्सच्या कान महोत्सवात, क्रिटिक्स वीक या विभागात गेली. पंधरा मिनिटांची फिल्म आणि वर्षानुवर्षं काम. तिकीटबारीवर असल्या फिल्मा कोण विकत घेतं? पगार, अनुदान, जाहिरातींची कामं किंवा शिकवणं, यातलं काहीतरी खाली लागतंच. नोकरी सोडू नका. रात्री करा.

आता हेही सांगते, आमच्याकडे नवऱ्याचा पगार येतो, घरभाडं नाही, त्यामुळे माझ्या तोंडी हे सोपं आहे. आणि दिराच्या कामाला मी नावं ठेवत नाही, त्याचे स्फोट छान असतात. दम्याचा त्रास असेल तर रांगोळीऐवजी रवा घ्या, तो उडत कमी. मुंग्यांचं मात्र बघा.

आणि पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावा. नुसता रेग्युलेटर शून्यावर ठेवून भागत नाही, प्रेमाने येणारा माणूस तोही फिरवतो.