हिशेब विचारा : ओळखीच्या उधारीचं जाळं

प्रश्न : अशोक चौकाजवळ आमचे टॉवेलचे चार माग आहेत. मुलगा म्हणतो, बँकेशिवाय, एकमेकांच्या विश्वासावर उधारी फिरवणारी जाळी असतात; आपणही दहा-बारा जणांत सुरू करू. पण जो मला ओळखत नाही, तो माझी उधारी का मानेल? मधला कुणी बुडाला तर पैसे कुणाचे जातील? आणि चुलत दीर सामील व्हायचं म्हणतात, त्यांना किती उधारी द्यावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, अनोळखी माणसानं तुमची उधारी मानायचीच नसते. सगळी मेख इथंच आहे.

समजा, डाईंगवाल्याला तुम्ही दहा हजार द्यायचे आहेत आणि तो तुम्हाला ओळखत नाही. तुमचा सूतव्यापारी मात्र तुम्हाला पंचवीस हजारांपर्यंत उधार देतो, आणि डाईंगवाला त्या व्यापाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत. मग तुमच्या नावे व्यापाऱ्याच्या वहीत दहा हजार चढतात, व्यापाऱ्याच्या नावे डाईंगवाल्याच्या वहीत दहा हजार. रोकड हललीच नाही. प्रत्येकानं आपल्या ओळखीच्याच माणसावर भरवसा ठेवला. कॅनडातल्या रायन फगर यांनी २००४ मध्ये ‘रिपलपे’ नावानं हेच संगणकावर आणलं. (पुढं ते नाव एका कंपनीकडे गेलं आणि त्याला आभासी चलन जोडलं गेलं. मुलगा ते नाणं घ्या म्हणत असेल, तर तो वेगळा विषय आहे.)

आता बुडण्याचं. तुम्ही पैसे थकवलेत तर फटका व्यापाऱ्याला. डाईंगवाला त्याच्याकडून आपले दहा हजार मागणारच. व्यापारी बुडाला तर डाईंगवाल्याचे जातात, आणि तुमचं देणं तरीही माफ होत नाही. म्हणजे ज्याला तुम्ही मर्यादा दिली, त्या मर्यादेपर्यंतचंच तुमचं नुकसान. रक्कम तुमच्या हातात आहे, म्हणून ती लाजेखातर ठरवू नका.

खरा फायदा वळतं करण्यात आहे. मी सूताच्या पेढीवर वह्या लिहायचे, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलंय. त्याच डाईंगवाल्याकडून तुम्हाला टॉवेलचे सात हजार येणे असतील, तर तिघांच्याही खात्यातून सात-सात हजार उडतात. उरतं काय? तुम्ही व्यापाऱ्याला तीन हजार द्यायचे, व्यापाऱ्यानं डाईंगवाल्याला तीन. स्लोव्हेनियात १९९१ पासून कंपन्यांची देणी अशीच साखळीनं वळती केली जातात.

पण साखळी फिरून पुन्हा पहिल्या माणसापर्यंत यायला हवी, आणि आपल्या गावात ती इथंच अडते. सूत बाहेरच्या गिरण्यांतून येतं, विजेचं बिल रोख, कामगारांचा आठवड्याचा पगार रोख. तो पैसा वळता होत नाही. शिवाय तुमच्या दहा-बारा जणांत सगळेच टॉवेलवाले असतील, तर मंदीत सगळे एकदमच अडकतील. मुलाला सांगा : ज्वारीचा व्यापारी, किराणावाला, शिवणकाम करणाऱ्या बाया, औषधाचं दुकान असे लोक गोळा कर. ज्यांचं नुसतं देणंच आहे आणि ज्यांचं नुसतं येणंच आहे, अशांचा जमाव झाला की जाळं थांबतं.

याची गल्लत भिशीशी करू नका. तिथं रोकड आधी एकत्र येते. मोबाइलवरच्या कर्जाच्या ‘पी-टू-पी’ ॲपशीही नको. तिथं अनोळखी माणसाला पैसे दिले जातात. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये त्यासाठी नियम केला, एका देणाऱ्यानं एकाच घेणाऱ्याला पन्नास हजारांपलीकडे द्यायचं नाही. बुडालं तर देणाऱ्याचं बुडतं, ॲपचं नाही.

दिरांचं म्हणाल तर, गेल्या वर्षी त्यांनी तुमच्याकडून घेतलेलं किती दिवसांत फेडलं, ते वहीत बघा. वेळेवर फेडलं असेल तर तेवढीच रक्कम मर्यादा म्हणून लिहा. फेडलं नसेल तर पाच हजारांवर थांबा, आणि मर्यादा सगळ्यांना एकाच नियमानं दिलीय हे घरात आधीच बोलून ठेवा. दिवाळीला खाती मिटवताना हवी तर वाढवता येईल.