लाल तळहात तुमचे, तपासायचे मिस्टरांचे

प्रश्न : डॉक्टर, वय २९, सातवा महिना चालू आहे. महिनाभर झाला दोन्ही तळहात लाल दिसतायत, अंगठ्याखालचा फुगीर भाग आणि करंगळीकडची कड जास्तच. दुखत नाही, खाज नाही. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा घे, रोज पितेय पण फरक शून्य. शेजारणीने लिव्हरचं नाव काढलं तेव्हापासून झोप उडालीय. गंमत म्हणजे मिस्टरांच्या हाताशेजारी हात धरून बघितला तर त्यांचेही तसेच लाल! ते म्हणतात माझे दोन-तीन वर्षांपासून आहेत, काही होत नाही. (ते शनिवार-रविवार घेतात, अधूनमधून मधल्या वारीही.)

उत्तर : सब्जा आवडत असेल तर प्या, लालीशी त्याचा संबंध नाही. प्रेग्नन्सीत इस्ट्रोजेन वाढतं, तळहाताच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून हे. बोटाने दाबून सोडा, पांढरं पडून परत लाल होईल. बऱ्याच जणींना होतं आणि बाळंतपणानंतर आपोआप जातं, क्रीमबिम काही लावू नका. फक्त रात्री तळहात-तळपायांना पुरळ नसताना जोरात खाज सुटली तर पुढच्या चेकअपची वाट बघू नका, लगेच दाखवा, त्यात पित्ताचे क्षार रक्तात वाढलेले असू शकतात आणि बाळासाठी ते बघावंच लागतं.

आता मिस्टर. शेजारीण चुकली नाही हो, तिने हात चुकीचा पकडला. लिव्हर बिघडलं की पुरुषांच्याही शरीरात इस्ट्रोजेनचं गणित बिघडतं आणि अगदी अशीच लाली येते. छातीवर, खांद्यावर मधे लाल ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा दिसतात का बघा. लगेच सिरॉसिसच (लिव्हर कडक होऊन कायमचं खराब होणं) आहे असं मी म्हणत नाही, काही घराण्यांत हात लहानपणापासूनच लाल असतात, पण यांचे दोन-तीन वर्षांतलेच आहेत ना. थायरॉइड वाढल्यावर (हात गरम, धडधड, वजन उतरतं), सांधेवातात, डायबेटिसमध्ये, काही औषधांनीही होतं. म्हणून त्यांच्या तपासण्या करून घ्या: एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी), हिपॅटायटिस बी आणि सी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), शुगर, आणि पोटाची सोनोग्राफीसुद्धा, कारण लिव्हर बऱ्यापैकी खराब असूनही एलएफटी कधीकधी नॉर्मल येतो.

तुम्ही सोबत जा. एकटे गेले की डॉक्टरांना सांगतात, ‘ऑकेजनली घेतो’.