'गणराज्या'तलं राज्य आणि 'राज्योत्सवा'तलं राज्य

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय : "२६ जानेवारीला आम्ही फळ्यावर 'प्रजासत्ताक दिन' लिहितो, शेजारच्या कन्नड शाळेच्या फलकावर 'गणराज्योत्सव' असतं. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिनी, परत 'राज्योत्सव'. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, बाई, ही दोन्ही राज्यं एकच काय? मला उत्तर देता आलं नाही. आणि देशाचं अधिकृत नाव मराठीत नक्की काय लिहायचं?"

ताई, नाव 'भारतीय गणराज्य' असंच लिहा. हा शब्द कन्नडमधून आपल्याकडे आला असं इथं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'गणराज्य'च आहे, आणि आपल्या पासपोर्टवर हिंदीत 'भारत गणराज्य' छापलेलं असतं. 'प्रजासत्ताक' चूक नाही, पण ते मुळात विशेषण आहे. राजसत्ताक राज्य, प्रजासत्ताक राज्य असे जोडशब्द होते. वापरता वापरता 'राज्य' गळून पडलं, लिंग मात्र मागे ठेवून गेलं. 'भारत हे प्रजासत्ताक आहे' म्हणताना तोंडात येणारं 'हे' त्या गळलेल्या राज्याचंच.

आता मुलीचा प्रश्न. तो फार नेमका आहे.

मराठीत 'राज्य' म्हणजे पूर्वापार पुरी सत्ता. छत्रपतींच्या 'स्वराज्या'तलं राज्य ते हेच. इंग्रजांच्या अमलात बेळगाव जिल्हा ज्यात होता तो मुंबई इलाखा, त्याला कुणी राज्य म्हणत नव्हतं. १९३५ च्या कायद्यानंही त्याला प्रांतच म्हटलं. मग २६ जानेवारी १९५० उजाडला. त्या एकाच दिवशी भारत गणराज्य झाला आणि मुंबई प्रांत 'मुंबई राज्य' झाला. सबंध देशाच्या नावात आणि त्याच्या एका घटकाच्या नावात एकच शब्द येऊन बसला, तो असा. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. त्या तारखेनं सीमाभागातल्या मराठी माणसाच्या मनात काय कालवतं ते तुम्हाला सांगायला नको. पण शब्दापुरतं बोलायचं तर 'राज्योत्सवा'तलं राज्य हे घटक राज्य, आणि 'गणराज्या'तलं राज्य सार्वभौम. 'प्रांत' शब्द टिकला असता तर हा घोळ झालाच नसता असं मला मनापासून वाटतं. अजून गडहिंग्लजला कामाला गेलात तर 'प्रांत कचेरी'ची वाट विचारावी लागते, तेवढा तो उरलाय.

नावावरून सत्ता ओळखू नये, हे आपल्या भागाइतकं कुणी पाहिलेलं नसेल. बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानाचं. माझी आजी शहापूरची. बेळगावच्या बाजारात जाताना "इंग्रजीत जाऊन येते" म्हणायची, चालायचं अंतर असूनही. सांगलीला राजे होते, दरबार होता, पण परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण इंग्रजांच्या हाती, म्हणून ते सार्वभौम नव्हतं. चोर्ला घाटाखाली, गोव्यात तर पोर्तुगीज आपल्या मुलखाला 'इश्तादु द इंदिया' म्हणायचे, म्हणजे सरळ अर्थानं 'भारत राज्य'! डिसेंबर १९६१ पर्यंत त्याचे हुकूम लिस्बनहून सुटत होते.

'सार्वभौम' शब्दही मुलांना उलगडून दाखवा. जुन्या अर्थानं सार्वभौम म्हणजे सर्व भूमीचा स्वामी, चक्रवर्ती. असा एका वेळी एकच असायचा. आज जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं नाउरूसुद्धा सार्वभौम आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांत बसतं. 'सगळ्यांच्या वर' हा अर्थ जाऊन 'आपल्यावर कुणी नाही' हा अर्थ आला.

एक सावधगिरी. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत अमेरिकेला 'संयुक्त संस्थाने' म्हटलेलं असतं. ते वाचून त्या मुलीला सांगली संस्थान आठवेल. तिला सांगा, टेक्सास हे सांगलीसारखं नाही, कर्नाटकासारखं आहे.