बुरशी काढायला पैसे दिले, पावसाळ्यात ती परत आली. आता दाद कुणाकडे?

प्रश्न : आमची सदनिका कोकण किनारपट्टीवरच्या शहरात, नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेच्या पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारत नऊ वर्षांची आहे. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर खिडकीखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या कोपऱ्यात छताला काळी बुरशी धरत होती. एप्रिलमध्ये बुरशी काढून देणाऱ्या एका फर्मला ४८,००० रुपये दिले. कोटेशनमध्ये ‘ओलावा तपासणी, अँटीफंगल वॉश, प्रायमर, अँटीफंगल पेंटचे दोन हात, ३ वर्षांची वॉरंटी’ असं लिहिलंय. प्लास्टरला हात न लावता दोन दिवसांत काम आटोपलं. जुलैत दोन्ही जागी बुरशी परत आली. फर्म म्हणते, गळती वॉरंटीत येत नाही. पुन्हा काम करायचं तर ३०,००० द्या. सेक्रेटरी म्हणतात, घरातली ओल ही सभासदाची बाब. वरचे सभासद बाथरूम पाहू देत नाहीत. वडिलांना दमा आहे. पैसे परत मिळतील का? तोवर मेंटेनन्स भरणं थांबवावं का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मेंटेनन्स थांबवू नका. दुरुस्ती करून घेण्याचा तुमचा हक्क आणि मासिक वर्गणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वर्गणी थकली की संस्थेला व्याज लावता येतं आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखलाही मागता येतो. मग उपनिबंधकांपुढे (सहकार खात्याचे अधिकारी) तुम्ही तक्रारदार म्हणून नव्हे, थकबाकीदार म्हणून उभे राहता. बिल वेळेवर भरा आणि भरताना पत्रात ‘गळतीबाबतची तक्रार कायम ठेवून’ एवढं नोंदवा.

तसंच फर्मला ते ३०,००० रुपये देऊ नका आणि आत्ता भिंतीलाही हात लावू देऊ नका. ती भिंत हाच तुमचा पुरावा आहे.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची बाब तुम्ही ओझरती लिहिली आहे : डाग दोन जागी आहेत. एक बाहेरच्या भिंतीवर, दुसरा छताच्या कोपऱ्यात. म्हणजे पाण्याच्या वाटाही दोन असू शकतात, आणि जबाबदार माणसंही दोन. तुम्ही ‘बुरशी’ अशी एकच तक्रार करत राहिलात तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. बुरशी हा परिणाम आहे. कायदा विचारतो की पाणी कुठून आलं. दोन्ही डागांच्या दोन स्वतंत्र फाइली करा.

आता पाण्याचा माग. ओल कधी वाढते याची तारीखवार नोंद ठेवा. फक्त पावसातच वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट किंवा खिडकीखालची आतल्या बाजूला उतार असलेली पट्टी यांच्यावर संशय घ्यावा. वरच्यांच्या आंघोळीनंतर काही तासांनी छत ओलं होत असेल तर वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जाण्याचं तोंड) किंवा वॉटरप्रूफिंग. ऋतू कोणताही असो, दिवसरात्र सारखीच ओल असेल तर भिंतीत गाडलेली दाबाच्या पाण्याची पाइप. खिडकीखाली, डागाच्या शेजारी जिथे रंग घट्ट आहे तिथे फूटभर लांबीरुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर घरातला दमटपणा थंड भिंतीवर साचतोय. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. पहिला निकाल आला तर संस्थेविरुद्धची तुमची बाजू कमजोर होते, हे आधीच लक्षात घ्या. भिंतीवर पांढरी भुकटी असेल आणि ती पाण्यात विरघळत असेल तर ती बुरशी नव्हे, खार आहे. बांधकामातून पाणी झिरपताना क्षार बाहेर येतात, त्यामुळे खार हा तुमच्या बाजूचा पुरावा ठरतो. त्याचे जवळून फोटो घ्या.

फोटो आणि व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रतींवर विसंबू नका. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते सोपं जातं. यानंतर संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल घ्या. त्यात ओलावामापकाची वाचनं, ती कुठल्या उंचीवर घेतली, त्या दिवशी पाऊस होता का, आणि ‘माझ्या मते पाण्याचा स्रोत अमुक’ हे स्वच्छ वाक्य हवं. नुसतं ‘भिंतीवर बुरशी आढळली’ म्हणणाऱ्या अहवालाचा उपयोग नाही. बुरशीची जात शोधणाऱ्या हवेच्या चाचणीवरही पैसे घालू नका. बुरशी डोळ्यांना दिसते आहे, आणि तिची जात कळली म्हणून पाणी कुठून आलं हे कळत नाही.

बाहेरच्या भिंतीची बाब तुमच्या बाजूने बरीच स्पष्ट आहे. राज्याच्या आदर्श उपविधींमध्ये (संस्थेच्या कारभाराची नियमावली) संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. इमारतीच्या बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती हे सगळं तिच्यात येतं. २०१४ च्या उपविधींत हा उपविधी १५९ वा आहे. तुमच्या संस्थेने जुने उपविधी स्वीकारले असतील तर क्रमांक एखाद्याने बदलेल, म्हणून आधी स्वतःची प्रत पाहा. ‘घरातली ओल सभासदाची’ हे सेक्रेटरींचं म्हणणं इथे टिकत नाही, कारण ओल घरात दिसत असली तरी पाणी बाहेरच्या भिंतीतून आलं असेल तर दुरुस्ती संस्थेची. पत्र असं लिहा : ‘सदनिका क्रमांक अमुक, बेडरूमची पश्चिमेची भिंत, खिडकीखाली. अमुक तारखेपासून पावसाच्या पाण्याची गळती. सोबत अभियंत्याचा अहवाल. उपविधीनुसार ही दुरुस्ती संस्थेने १५ दिवसांत सुरू करावी व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी.’ पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर संस्थेच्या कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्या. उत्तर आलं नाही तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ खाली उपनिबंधकांकडे अर्ज करा. संस्थेला तिची कर्तव्यं पार पाडायला लावण्याचा अधिकार त्यांना आहे. इमारत नऊ वर्षांची असल्यामुळे बिल्डरवर रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) कलम १४(३) चा आधार मात्र घेता येणार नाही. ती मुदत ताब्यापासून पाच वर्षांची असते.

छताचा कोपरा जास्त वादाचा. उपविधींनुसार शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च वास्तुविशारद आणि संस्थेशी सल्लामसलत करून संबंधित सदनिकाधारकांनी करायचा आहे. ‘सदनिकाधारकांनी’ या अनेकवचनावर बोट ठेवून अनेक संस्था ‘निम्मं वरच्याने, निम्मं खालच्याने’ असा तोडगा काढतात. ते पटण्यासारखं नाही. वॉटरप्रूफिंग वरच्या घरात फुटलं असेल तर त्याची दुरुस्ती वरच्यांची. पण पाणी सामाईक ड्रेनेजच्या सांध्यातून येत असेल तर ती पुन्हा संस्थेची. म्हणून वरच्यांशी भांडण्याआधी चाचणी व्हायला हवी. वरचा नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये एक-दोन इंच रंगीत पाणी २४ ते ४८ तास उभं ठेवायचं आणि तुमच्या छताकडे पाहायचं. रंग उतरला तर बाथरूमचा तळ गळतोय. उतरला नाही तर तेच पाणी ट्रॅपमधून सोडून पुन्हा पाहायचं. आता उतरला तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याखालच्या पाइपमध्ये आहे. वरचे दार उघडत नसतील तर तुम्ही स्वतः त्यांच्या दारात जाऊ नका. पूर्वसूचना देऊन सेक्रेटरी आणि समिती सदस्याला कोणत्याही सदनिकेत दुरुस्तीची गरज तपासायला जाता येतं, आणि सभासदाने त्यांना आत येऊ द्यायचं असतं, ही तरतूद उपविधींतच आहे. संस्थेला तीच लेखी मागणी करा. त्यावरही नकार आला तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद दाखल करून पाहणीसाठी न्यायालयाचा आयुक्त नेमण्याची मागणी करता येते. आयुक्ताच्या अहवालाला तुमच्या खासगी अहवालापेक्षा जास्त वजन असतं.

आता फर्म. तुमचं पत्र वाचून तिच्याविरुद्धची तुमची बाजू चांगली वाटते, पण ती वॉरंटीवर उभी करू नका. ‘गळती वगळून’ ही अट ते पुढे करणार आणि तुम्ही तिथे अडकणार. मुद्दा मांडायचा तो सेवेतल्या त्रुटीचा. कोटेशनमध्ये ‘ओलावा तपासणी’ ही बाब आहे आणि तिचे पैसे त्यांनी घेतले. मग वाचनं कुठे आहेत? भिंत ओली आढळली असेल तर पाणी थांबण्याआधी रंग का लावला? कोरडी आढळली असेल तर त्याची नोंद दाखवा. बुरशी धरलेल्या ओल्या भिंतीवर रंग चढवला की तो पोपडे धरून सुटतो, हे या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायलाच हवं. आणि वॉश, प्रायमर, दोन हात, हे सगळं दोन दिवसांत झालं असेल तर मधे भिंत वाळायला वेळ किती मिळाला? एक अडचण सांगून ठेवतो : ‘वरून गळती आहे, ती आधी बंद करा’ असं त्यांनी काम करण्यापूर्वी लेखी कळवलं असेल आणि तरी तुम्ही होकार दिला असेल, तर पूर्ण परताव्याची आशा कमी. एप्रिलच्या आधीचे मेसेज नीट तपासा.

पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस द्या. तीत ओलाव्याची वाचनं, वापरलेल्या रसायनांची नावं आणि कामाच्या तारखा मागा, आणि ४८,००० रुपये परत मागा. पक्कं बिल दिलं नसेल तर तेही मागा. सेवेचं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना शुल्क नाही, आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीत परतावा, खराब प्लास्टरचा प्रत्यक्ष खर्च, अभियंत्याची फी आणि मानसिक त्रासाची वाजवी भरपाई मागा. वडिलांच्या दम्याचा उल्लेख डॉक्टरांच्या कागदपत्रांसह जरूर करा, पण ‘दमा बुरशीमुळेच झाला’ असा दावा करू नका. तो सिद्ध करणं अवघड असतं, आणि एक दावा फसला की आयोग उरलेल्या मागण्यांकडेही संशयाने पाहतो. मुदत दोन वर्षांची आहे. ती जुलैपासून मोजता येईल असा युक्तिवाद होऊ शकतो, पण तुम्ही एप्रिलपासूनच मोजा.

पुराव्यासाठी वडिलांना त्या खोलीत झोपवू नका. नोंदी, फोटो आणि अभियंत्याची पाहणी आठवडा-पंधरा दिवसांत उरका आणि मग साफसफाई करा. तोवर खोलीचं दार बंद ठेवा आणि कोरड्या झाडूने भिंत झाडू नका, त्याने बीजाणू घरभर उडतात. पुसताना एन-९५ मास्क, हातमोजे, डिटर्जंटचं पाणी एवढं पुरतं. ब्लीच आणि अ‍ॅसिड किंवा अमोनियाचा क्लीनर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

पाण्याची वाट बंद झाल्यावर पुन्हा व्यावसायिक काम करून घ्याल तेव्हा करार नीट लिहून घ्या. कामाआधीची आणि रंगाआधीची ओलाव्याची वाचनं लेखी द्यायची. ओल्या भागाच्या कडेपासून आणखी फूटभर प्लास्टर काढायचं. काम चालू असताना दाराला जाड प्लॅस्टिकचा पडदा लावायचा आणि धूळ हेपा फिल्टरच्या (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने ओढायची. नवं प्लास्टर मुरून वाळल्याशिवाय रंग लावायचा नाही. वॉरंटीत ‘गळती’ म्हणजे काय आणि ती आहे की नाही हे कोण ठरवणार, हे लिहायला लावा. घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहते का हे पाहायला साधा आर्द्रतामापक पुरतो, आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीपासून तीन-चार इंच दूर ठेवा. रकमेचा निदान चौथा हिस्सा पुढचा पावसाळा संपेपर्यंत रोखून धरण्याची अट घाला. जी फर्म ही अट मान्य करत नाही, तिला काम देऊ नका.